आठ सिलिंडर, आबांसाठी

“आवाज! आरं, आवाज पाठव!”

आबा प्लॅटफॉर्मवरून ओरडत होते आणि गाडी सुटली होती. औरंगाबाद स्टेशनातून मनमाडकडं जाणारी तेव्हाची मीटरगेज अशी सुटायची, की माणसानं शेजारून चालत चालत सोयरीक जमवावी. त्यामुळं आबा डब्याबरोबर चालले, मग पळाले, मग परत चालले, आणि ओरडत राहिले. “फोटू नगं! फोटू बघितलाय! आवाज पाठव!” डब्यातल्या लोकांना वाटलं ह्या माणसाला ऐकू येत नाही, पोराला मोठ्यानं बोल म्हणतोय. झालं, सगळा डबा माझ्या अंगावर धावला. समोरच्या एका मियाँनी तर खांद्याला धरून गदागदा हलवलं, “अरे, बाप इत्ता चिल्ला रहा, कुछ तो बोल!” मी बोललो. काय बोललो ते शिट्टीत गेलं. दौलताबादचा किल्ला दिसेपर्यंत मला आबांचं ओरडणं ऐकू येत होतं. माझा थोरला भाऊ, दादा, म्हणतो मी थापा मारतो. मारतो. पण ही त्यातली नाही.

तुम्ही जे तिथंच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे उठून गेलात, दोघांसाठी लिहितोय. कारण दगा दोन्हीकडून झालाय, आणि मी मधे सापडलोय.

आधी तो आवाज कसला ते सांगतो. आमचे आबा पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, एका जहागीरदाराच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. मोटार अमेरिकन, आठ सिलिंडरची. आबांच्या सांगण्याप्रमाणं ती नुसती उभ्या उभ्या चालू केली, तरी भडकल गेटावरची कबुतरं उडायची आणि जहागीरदाराच्या बेगमेच्या कानातले डूल वाजायचे. ॲक्शन झाली, जहागीर गेली. जहागीरदारसाहेब आबांना म्हणाले, “गाडी पोंछ के रखो, हम आते हैं,” आणि हैदराबादच्या गाडीत बसले ते आलेच नाहीत. आबा रोज सकाळी मोटार पुसायचे. कोणासाठी, हे विचारायची सोय नव्हती. मग एक दिवस कोणीतरी सरकारी कागद घेऊन आलं आणि पुसून चकचकीत केलेली मोटार घेऊन गेलं. आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आला. आबा म्हणायचे, “वळणापर्यंत व्हता. मग परत आला न्हाय.”

पुढं आबा एसटीवर लागले. हयातभर लाल डबा हाकला, पण त्याच्या इंजिनाला त्यांनी कधी आवाज म्हटलं नाही. “खोकला हाय,” म्हणायचे. दर खंडेनवमीला मात्र त्याच खोकल्याला हळदकुंकू वाहायचे, बॉनेटवर झेंडूची माळ घालायचे. हातात जे हत्यार, ज्यावर पोट, त्याची पूजा. ह्यात आबांची कधी चूक झाली नाही.

आबा वेरूळच्या फेरीला असताना एकदा कुणी गोरा प्रवासी सीटवर मासिक विसरला. त्यात पानभर एका मोटारीची जाहिरात. अडुसष्टचं मॉडेल. आबांनी ते पान घरी आणून खंडोबाच्या टाकाच्या बरोबर वर चिकटवलं. कंबर बारीक, खांदे रुंद, तोंड अख्खं काळं आणि दिवे कुठंच नाहीत.

“डोळं कुठंयत हिचं?” आबांनी विचारलं.

“झाकलेत, आबा. दिवा लावला की उघडतात.” मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, मला सगळं येत होतं.

“नाव काय?”

“चार्जर.” मी डिक्शनरीतून अर्थ काढला. चाल करून जाणारा लढाईचा घोडा.

“झोपल्याचं सोंग घ्येतंय आन् घोडा म्हणतोस? वाघ हाय. किती सिलिंडर?”

“आठ.”

आबांनी पानाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून नीट बसवला. मला अमेरिकेत ॲडमिशन मिळाली तेव्हा ती एमएससाठी मिळाली, असं घरात फक्त मला वाटत होतं. आबांच्या हिशेबी मी त्या जहागीरदाराची मोटार परत आणायला निघालो होतो.

डेट्रॉईटला उतरलो तेव्हा थंडी अशी, की पहिला आठवडा माझी सावली घराबाहेर यायला तयार नव्हती. शिकलो, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात चिकटलो, आणि पहिली मोठी खरेदी केली ती सोफा नाही, टीव्ही नाही. चार्जर. एकोणसत्तरचा, सेकंडहँड, गर्द हिरवा.

आता ही गाडी वर्षागणिक कशी बदलली ते ऐका, कारण सगळी बेइमानी तिथंच आहे. सहासष्टला ती पहिल्यांदा आली तेव्हा तिची पाठ उतरत्या छपरासारखी थेट डिकीपर्यंत गेलेली. अडुसष्टला तिला कंबर आली, मागं गोल दिव्यांच्या जोड्या आल्या. एकोणसत्तरला नाकाच्या मधोमध दुभाग केला, मागचे दिवे लांब पट्टीचे केले. सत्तरला तोंडाभोवती क्रोमचं कडं बसवलं. दरवर्षी एवढंच. नव्या सुनेनं भांग जरा इकडचा तिकडं पाडावा, तेवढं. माणूस तेच राहायचं.

माझी एवढी लांब होती, की तिचं नाक पैठण गेटात शिरलं असतं तर डिकी अजून क्रांती चौकात असती. पेट्रोल अशी प्यायची, की आमच्या कोपऱ्यावरचा पंपवाला मला बघून टोपी काढायचा. त्याच्या दोन पोरींची कॉलेजं माझ्यावर झाली. आणि आवाज! सकाळी किल्ली फिरवली की शेजारणीचा कुत्रा पलंगाखाली जायचा तो जेवायलाच बाहेर यायचा. कॉफीचा मग टपावर ठेवला तर आपोआप ढवळला जायचा. साखर घालायची फक्त.

पण घर झालं, मुलगी झाली, पेट्रोलला रांगा लागल्या, आणि मिशिगनच्या रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ गाडीला खालून खायला लागलं. विकायची वेळ आली तेव्हा आबांचं ओरडणं आठवलं. मी एक टेपरेकॉर्डर आणला. ड्राइव्ह-वेमध्ये बर्फ साचलेला, उलटी बादली ठेवून त्यावर टेप, आणि माझी बायको शैला ओव्हरकोटात गुंडाळून सायलेन्सरमागं मायक्रोफोन धरून उभी. किल्ली फिरवली. पहिली गुरगुर झाली आणि शैला शिंकली. म्हटलं, राहू दे, सुनेचाही आवाज जाऊ दे. मग मी गाडी रेटली, गरजवली, आणि शेवटी मुद्दाम रस्त्याच्या वळणापर्यंत नेली. आवाज लहान लहान होत नाहीसा झाला पाहिजे. मग वळवून परत आणली. आवाज मोठा मोठा होत दारात आला पाहिजे. आलेला ऐकू आला पाहिजे. सगळी कॅसेट त्या शेवटासाठी होती.

कॅसेट डबीत घातली, डबीवर चिकटपट्टी लावली, आणि अर्धं अक्षर झाकणावर, अर्धं डबीवर येईल असं लिहिलं : आबांसाठी. गावाकडं निघालेल्या एका डॉक्टर मित्राच्या हातात दिली. दुसऱ्या महिन्यात गाडी विकली.

आमच्या गल्लीत फोन फक्त वकीलसाहेबांकडं. ट्रंक कॉल लावला.

“ऐकला का, आबा?”

“ऐकला! वाघ हाय वाघ!”

“सुरुवातीला शिंक ऐकलीत का? शैलाची?”

“ऐकली की. सूनबाईला म्हणावं काढा घे.”

“आणि शेवटी? गाडी जाते वळणापर्यंत, मग...”

  मग आबा हळू म्हणाले, “आली. परत आली.”

त्यांच्या हातून फोन दादानं घेतला.  आमच्या खानदानात बोलणं नेहमी दोन माप मोठं शिवतात, त्यात तर दादा माझाही काका शोभेल. “बापू, आवाज लावला तर पानवाल्याची चुन्याची डबी नाचत नाचत रस्त्यावर आली! टांग्याची घोडी उभी ऱ्हायली ती हलंना. चाबूक मारला तरी हलंना. म्हणली, आधी त्यो बाप्या जाऊ दे!”

मी तिकडं, सातासमुद्रापलीकडं, फोन धरून लहान पोरासारखा हसलो. त्यातली निम्मी थाप असेल हे मला कळत होतं. निम्मी तर निम्मी. चुन्याची डबी नाचली असेल ना, एवढं पुरे होतं.

त्यानंतर गाडीनं दगा द्यायला सुरुवात केली. तसं आधीच इंजिनाचा दम काढून घेतला होता, धुराचे कायदे, विम्याचे चोचले. पण पंचाहत्तरचं मॉडेल बघायला शोरूममध्ये गेलो आणि दारातच थांबलो. मखमली सीटा, छपरावर चामड्यासारखं कापड, अंगानं सुटलेली. व्याह्याच्या थाटात बसलेली. नाव विचारलं तर चार्जर. घरी येऊन आरशात बघितलं तर मीही तसाच दिसत होतो, त्यामुळं त्या वेळी फार बोललो नाही.

ब्याऐंशीला मात्र मी शोरूममध्ये ओरडलो. चार सिलिंडरची, पुढच्या चाकांवर ओढली जाणारी, आखूड, मागून फडताळासारखी उघडणारी एक वस्तू उभी होती. एखाद्या मास्तराची स्कूटर मोठेपणी अशी होईल. तिच्या ढुंगणावर नाव, चार्जर. मी सेल्समनला म्हटलं, “भल्या माणसा, आमच्याकडं म्हशीला ऐरावत म्हणतात, पण शेळीला म्हणत नाहीत.” त्यानं मला माहितीपत्रक दिलं.

दर वेळी असं झालं की मी स्वतःला एकच सांगायचो. असू दे. खरा आवाज औरंगाबादला आहे.

आबा होते तोवर दोनदा गावी आलो. दोन्ही वेळा म्हटलं, लावा की कॅसेट, सगळे मिळून ऐकू. पहिल्या वेळी दादा म्हणाला, “टेप दुरुस्तीला दिलाय.” दुसऱ्या वेळी म्हणाला, “टेप दुरुस्तीला दिलाय.” मी त्या टेपवाल्या कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि म्हटलं, पुढच्या खेपेला मी तिकडून चांगला घेऊन येतो. आबा एकदम कडक झाले. “हाय की घरात. कशाला वझं वाहतोस? लेकरानं यावं. सामान कशाला आणावं?”

आमच्याकडं बाप लेकाकडं मागत नसतो. अमेरिकेतल्या लेकाकडं तर नाहीच नाही. मला वाटलं, तेवढंच आहे.

देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी एक पिवळ्या फडक्याचं लहानसं गाठोडं दिसलं होतं. वहिनीनं नवा कुठला देव बसवला असेल म्हणून मी दोन्ही वेळा पाया पडलो.

आबा गेले तेव्हा मला पोचायला उशीर झाला. इथून उठून गेलेल्या सगळ्यांना तो उशीर माहीत आहे. विमानाचा नसतो तो. मी आलो तोवर राख सावडून झाली होती. दादा तेव्हा नुकताच वाळूजच्या कारखान्यात लागला होता, बजाजनगरला दोन खोल्या घेतलेल्या. त्या खोलीत भिंतीला टेकून त्यानं सांगितलं, “शेवटी म्हणले, आवाज लाव. लावला. ऐकत ऐकत गेले.” त्या एका वाक्यावर मी पुढची चाळीस वर्षं काढली. बर्फ उपसताना, मॉर्टगेज भरताना, मुलीच्या लग्नात आबांच्या जागेवर बसताना. मी नव्हतो. पण माझी गाडी होती ना तिथं? वळणापर्यंत जाऊन दारात परत आली ना?

नंतरच्या खेपांना कॅसेट मागावी असं वाटलंच नाही. त्यांच्याबरोबर ती पूर्ण झाली होती.

मधे बरीच वर्षं कंपनीनं ते नाव कपाटात ठेवलं. मग दोन हजार सहाला परत काढलं. आणि किती दरवाजे? चार! वाघाला चार दरवाजे नसतात, धर्मशाळेला असतात. तरी त्यात आठ सिलिंडर मिळत होते म्हणून मी अर्धं माफ केलं. तर पोलिसांनी तीच गाडी गस्तीला घेतली. ज्या तोंडाची मी आयुष्यभर वाट बघितली ते आरशात मागं दिसलं की आता माझा पाय ब्रेकवर जायला लागला.

आणि आता ताजं. आठ सिलिंडर बंद केले आणि नवा चार्जर काढला, तो विजेचा. म्हणजे चार्जर आता चार्जरवर चालतो! मी गेलो, बसलो, बटण दाबलं. गुरगुर झाली. अंगावर काटा आला माझ्या, खोटं का बोलू. म्हटलं, विजेला आवाज कुठून? पोरसवदा सेल्समन अभिमानानं म्हणाला, मागं स्पीकर आहे, सर, जुन्या गाडीसारखा आवाज काढतो. पाहिजे तर बंद करता येतो.

बंद करता येतो! मी दार उघडून उतरलो. लोक म्हणतात मी आपटून बंद केलेलं दार अजून कुणाला उघडता आलेलं नाही.

त्या रात्री मला झोप नाही. सकाळी शैलाला म्हटलं, खोटाच आवाज लावायचा असेल तर आपण आपला खरा लावू. कॅसेट आणतो. आता मुलगी-जावयाला कॉम्प्युटरवर सगळं चढवता येतं. माझी गाडी भंगारात गेली, तिला बनवणारी माणसं गेली, तो आवाज आता जगात एकाच ठिकाणी आहे. लोक मला विचारतात, एवढी वर्षं झाली, घर म्हणजे काय रे तुझं आता? मी कधी पुरणपोळी सांगितली नाही, कधी गल्ली सांगितली नाही. गल्लीत मॉल झालाय. मी सांगायचो, माझा आवाज बापाला ऐकू गेला ती खोली, ते घर. कुणी समजायचं नाही. मला समजत होतं.

गॅरेज-सेलमधून एक जुना टेप घेतला, ह्या वेळी कुणाचं दुरुस्तीचं निमित्त नको म्हणून, आणि तो पोटाशी धरून आलो. तिकडं नाव तेच आणि वस्तू बदललेली. इकडं उतरलो तर शहराचं नाव बदललेलं आणि रिक्षावाला तोच, तसाच नडणारा. बजाजनगरला पोचलो. दादा आता ऐंशीच्या पुढं. ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. मी पाया पडायच्या आधीच ओरडलो, “चार्जर कुठंय?”

वहिनी आतून धावत आल्या आणि माझ्या हातात मोबाईलचा चार्जर ठेवला. “घ्या, भावजी. बॅटरी उतरली व्हय?”

“हा नाही वहिनी, कॅसेट! आबांची कॅसेट!”

“आसं म्हणा की!” त्या देवघरात गेल्या आणि पिवळं गाठोडं घेऊन आल्या. मी ज्याच्या पाया पडलो होतो ते.

गाठ सोडली. आत कॅसेटची डबी. वरून खालून हळदकुंकवाचे थर, वर्षांवर वर्षं, झाडाच्या सालीसारखे. झेंडूची एक वाळकी पाकळी त्यातच लिंपून गेलेली.

“दर खंडेनवमीला मामंजी पूजा करायचे,” वहिनी म्हणाल्या. “बापूचं वाहन हाय म्हणायचे. आता आमीबी करतो.”

मी अंगठ्यानं हळद खरवडली. खाली चिकटपट्टी. पिवळी पडलेली, पण सलग. त्यावर माझं अक्षर : आबांसाठी. अर्धं झाकणावर, अर्धं डबीवर, आणि मधे कुठंही तुटलेलं नाही.

“वहिनी, ही उघडलीच नाही कुणी.”

“उघडत्यात व्हय पूजंचं? मामंजी पूजा झाली की कानाला लावायचे. लई येळ. म्हणायचे, चालू हाय. शेवटीबी ह्यांनीच लावली कानाला.”

मी दादाकडं वळलो. माझा आवाज चढला होता. शेजारची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. “कानाला? दादा, तू मला सांगितलंस लावला म्हणून! ऐकत ऐकत गेले म्हणालास! चुन्याची डबी, ती घोडी, आबांनी ऐकलेली शिंक, ते परत आली म्हणाले ते? चाळीस वर्षं मी त्यावर... टेपवर लावलीच नाहीस तू?”

दादानं एक शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले आणि फोलपट बाजूला सारलं.

“टेप कवा व्हता आपल्याकडं?”